डिझाइन, डेडलाइन आणि बाळाची दुपारची झोप

क्लायंटचा मेसेज येतो, "लोगो जरा मोठा करा ना!" आणि नेमकं त्याच क्षणी बाळ जागं होतं. ग्राफिक डिझायनर असलेल्या आईला हा योगायोग नवीन नाही. गंमत म्हणजे नातेवाइकांना वाटतं, हिचं काम तर घरबसल्याचं! लॅपटॉप उघडला की झालं. पण मैत्रिणींनो, घरून काम करणं म्हणजे बाळ सांभाळायची सोय झाली असं नाही. डिझाइनला सलग लक्ष लागतं आणि बाळालाही.

बेंगळुरूत हा प्रश्न आणखी अवघड होतो. माहेर कोल्हापूरला, सासर सोलापूरला आणि ऑफिस आऊटर रिंग रोडवर. ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वेगळाच. मग आजी उद्यान एक्सप्रेसने तीन महिने येतात, त्या गेल्या की दुसऱ्या आजी. पण दोन्ही आज्यांना गावी जावं लागलं की काय?

याच शहरातलं एक नाव लक्षात ठेवा, सुजाता केशवन. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये आणि पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात शिकलेल्या या डिझायनरने 1989 मध्ये 'रे + केशवन' ही संस्था सुरू केली. कोटक महिंद्रा, विस्तारा अशा ब्रँडची ओळख या संस्थेने घडवली. 2006 मध्ये डब्ल्यूपीपी या जागतिक समूहाने ती विकत घेतली. सुजाता दोन मुलांच्या आई आहेत. त्यांच्यासारखी परिस्थिती प्रत्येकीची नसते, हे खरंच. पण 1989 ते 2006 हा हिशोब पाहा, सतरा वर्षांचा. करिअर असं लांबवर मोजलं, तर बाळाची पहिली दोन वर्षं म्हणजे सगळं संपलं असं वाटत नाही.

नोकरी असेल तर हक्क माहीत हवेत

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत, आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले 8 आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन वेगळ्या सुट्ट्या मिळतात. रजेनंतर घरून काम करायचं असेल आणि कामाचं स्वरूप तसं असेल, तर ते कंपनीशी बोलून ठरवता येतं. हे बोलणं तोंडी ठेवू नका, एचआरला मेल करा.

फ्रीलान्सर असाल तर रजा स्वतःच साठवा

फ्रीलान्सरला ही पगारी रजा नाही. काम थांबलं की पैसे थांबले. म्हणून बाळाचा विचार सुरू झाला की प्रत्येक बिलातला थोडा भाग बाजूला काढा. तीच तुमची रजा. शिवाय काम घेताना तीन गोष्टी लिहून घ्या: ॲडव्हान्स किती, बदल किती वेळा करून मिळतील आणि फोन कोणत्या वेळेत. "दोन वेळा बदल, त्यानंतर वेगळे पैसे" एवढं एक वाक्य कित्येक रात्रींची झोप वाचवतं.

कामाचे दोन ढीग करा

डिझाइनमधलं सगळंच काम सारखं नसतं. नवी कल्पना शोधायला शांतता लागते. फोटो कापणं, एकाच पोस्टरचे वेगवेगळे आकार करणं, फाइलींना नावं देणं हे मधेच सोडून उठता येतं. म्हणून बाळाच्या दुपारच्या झोपेचा तास फक्त पहिल्या ढिगाला द्या. भांडी तेव्हा राहू द्या!

आणि छपाईची फाइल रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत कधीच पाठवू नका. स्क्रीनवरचा आरजीबी रंग आणि छापील सीएमवायके रंग यांत फरक पडतो. फोन नंबरातला एक आकडा चुकला तर हजारो प्रती वाया जातात. सकाळी एकदा डोळे धुऊन पाहा, मग पाठवा.

सणांचंही गणित असतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत जाहिरातींची कामं धो धो येतात. आजींची तिकिटं काढताना हे महिने आधी बघा.

आणि बाबा कुठे आहेत?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन मुलांसाठी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती सक्तीची नाही, कंपनीच्या धोरणावर आहे. पण रजा संपली तरी बाबापण संपत नाही. बाबा बाळाला सांभाळतो त्याला आपण "मदत" म्हणतो, तो शब्दच जरा खटकतो. मूल त्याचंही आहे ना? लशींच्या तारखा, रात्रीचं एक दूध, पाळणाघरात सोडणं, यांतली दोन कामं पूर्णपणे त्याच्या नावावर करा. "डायपर संपले का?" हेही त्यालाच लक्षात ठेवू द्या.

काही महिने काम कमी घेतलं तरी चालेल, पण हात अगदी सोडू नका. महिन्याला एक छोटं काम, पोर्टफोलिओत एक नवं पान, जुन्या क्लायंटला दिवाळीचा एक मेसेज, इतकं पुरतं. आज रात्री बाळ झोपलं की घरातल्या माणसासोबत पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडा. तुमचे कामाचे तास आधी भरा आणि त्या वेळी बाळ कोणाकडे असेल, ते नाव समोरच लिहा.