पांढरीच्या पोटात

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यात, जांबच्या उत्तरेस, केळणा नदीच्या काठी भोकरदन वसले आहे. जुने अवशेष पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून तेथे जाणारा प्रवासी विरळाच! परंतु दोन हजार वर्षांपूर्वी हेच भोगवर्धन नावाचे भरभराटीचे नगर होते. येथील रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद दूर मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपावर कोरलेली आढळते.

शेताची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी', असे शेतकरी म्हणतात. पांढर कशी बनते? मातीची घरे पडतात, चुलीतील राख साचते, मडकी फुटून खापरे विखुरतात. त्यांवरच पुढील पिढी नवी घरे बांधते. असे थरावर थर चढून टेकाड तयार होते. त्यातील सर्वांत खालचा थर सर्वांत जुना.

१९७३ साली नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांतील संशोधकांनी भोकरदन येथे उत्खनन केले. तेव्हा सातवाहनकालीन अवशेषांत हस्तिदंताची एक भंगलेली स्त्रीमूर्ती सापडली. वस्तू लहान, पण तिचे मोल मोठे! कारण तिच्याशी साम्य असलेली, सुमारे वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळाली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून तेथे पोहोचली होती. ती भोगवर्धनच्याच कारागिरांनी घडविली असावी, असे काही विद्वानांस वाटते.

भोकरदनची मूर्ती कोणी धनाच्या लोभाने, थर विस्कटून बाहेर काढली असती, तर तिचा काळ कशावरून ठरला असता? वस्तू कोणत्या थरात, कशाजवळ होती, हीच तिची खरी साक्ष असते. भिंतींसाठी व धाब्यांसाठी पांढरी माती खणून नेण्याची चाल खेड्यापाड्यांत पूर्वापार आहे. तीत अशा कितीतरी साक्षी नकळत पुसल्या जातात. म्हणून नांगराच्या फाळास वा कुदळीस जुनी वस्तू लागली, तर ती जागची हलवू नये; गुरुजींस किंवा तलाठ्यांस त्वरित कळवावे. फाटलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळू शकते. उकरलेल्या पांढरीची मिळत नाही.