आत्मगुप्ता ऊर्फ खाजकुयली

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजूला पोरे कारीट शोधायला निघतात. तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायचे ते कडूजहर फळ. त्याचा वेल गडग्यावर, वईवर, शेताच्या बांधावर कुठेही चढलेला असतो. घरातली म्हातारी माणसे पोरांना बजावून सांगतात, "कारटां काढा, पण कुयलेक हात लावू नकात." कारण त्याच गडग्यावर, कित्येकदा त्याच वेलाशी गळामिठी घालून, दुसरी एक वेल पसरलेली असते. तिची पाने पावट्याची म्हणून खपतील इतकी साळसूद आणि फुले तर डोळ्यांत भरावीत अशी गडद जांभळी. दिवाळीच्या सुमारास तिला हिरव्या, लवदार शेंगा धरू लागतात. ही खाजकुयली. घाटावर हिला कुहिली म्हणतात, कोणी कवच म्हणतात. हिचा प्रसाद लहानपणी ज्याला मिळाला नाही असा माणूस आमच्या सिंधुदुर्गात विरळा.

मी पेशाने मराठीचा अध्यापक. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध म्हणाल तर आमच्या स्टाफरूममध्ये त्या विषयाचे प्राध्यापक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, एवढाच. पण शब्दांच्या मागे लागलेला माणूस कधी कुठल्या रानात शिरेल याचा नेम नसतो. मी या वेलीच्या मागे लागलो तो तिच्या नावांमुळे.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात हिची नावे एका पाठोपाठ एक आली आहेत. आत्मगुप्ता, कंडुरा, प्रावृषायणी, शूकशिंबी, कपिकच्छू, मर्कटी, आणखीही आहेत. विद्यार्थ्यांना हे पर्याय पाठ करण्याचे ओझे वाटते. मला मात्र वाटते की नावांच्या रूपाने हे त्या वेलीचे वर्णनच आहे. प्रावृषायणी म्हणजे पावसाळ्याबरोबर येणारी. शूकशिंबी म्हणजे जिच्या शेंगेला कुसे आहेत ती. कंडुरा म्हणजे खाज आणणारी. कपिकच्छू आणि मर्कटी या नावांत माकडाला खाज सुटल्याचे चित्र आहे, आणि ज्याने ते नाव ठेवले त्याने तो देखावा नक्कीच डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे! आत्मगुप्ता या नावावर मात्र मी बरेच दिवस अडलो होतो. 'गुप्त' म्हणजे लपलेले असा अर्थ मराठी मनात आधी येतो, आणि ही वेल तर कुठेच लपत नाही. पुढे एकदा गावी आमच्या कुळागरात काम करणारा एक म्हातारा गडी मला सहज म्हणाला, "तिच्या वाटेक जाव नकात, मास्तरानु. ती आपणाक आपणच राखता." संस्कृतात 'गुप्' धातूचा अर्थ राखणे हाच आहे. अमरसिंहाचा शब्द त्या निरक्षर गड्याने मालवणीत जसाच्या तसा उतरवून दिला.

आता शास्त्रज्ञ हिला कशी ओळखतात ते पाहू. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे कुल ते शिंबावंत कुल. त्यातही ज्यांचे फूल फुलपाखरासारखे असते त्यांच्या उपकुलात ही येते. म्हणजे पावटा, चवळी, कुळीथ ही सारी हिची भावंडे. पान तीन पर्णिकांचे. मधली पर्णिका साधारण शंकरपाळ्याच्या आकाराची. बाजूच्या दोन एका अंगाला जास्त फुगलेल्या, जणू घाईत कापलेल्या. पानाची पाठ रुपेरी, मऊ लवेची. फुलांचे घोस खाली लोंबतात. फुलाला पाच पाकळ्या. वरची एक ध्वज, बाजूच्या दोन पंख आणि खालच्या दोन जुळून झालेली नौका. पावट्याच्या फुलात ध्वज तोऱ्याने उभा असतो. कुयलीत उलटा प्रकार. ध्वज आखूड, पंखांच्या निम्म्याच्या आसपास, आणि नौका सर्वांत लांब, टोकाशी टणक चोचीसारखी वळलेली. आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र जुळलेले आणि दहावा सुटा. शेंग दोन ते चार इंच लांब, इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळलेली, अंगावर उभ्या शिरा आणि त्यांवर दाट केस. कोवळेपणी ते मखमली दिसतात. माघाच्या सुमारास शेंग वाळली की सोनेरी, तांबूस होतात आणि नुसत्या वाऱ्याने झडू लागतात. आत चार ते सहा बिया, काळ्या किंवा ठिपकेदार, तुळतुळीत.

इतके वर्णन कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो की आमच्याकडे 'खाज' या अक्षरांनी सुरू होणारी दुसरीही एक वेल आहे, खाजकोलती. तिला शिवले तरी आग होते. पण तिचा कुयलीशी काडीचा संबंध नाही. ती एरंडाच्या कुलातली आहे. शिवाय कुयलीच्याच प्रजातीतल्या दोन थोरल्या बहिणी कोकणात भेटतात. एक सोनगारवी. तिच्या शेंगेवर आडव्या-तिरक्या चुण्या असतात आणि आत बहुधा एकच मोठी बी. दुसरी खाडीकाठची. तिच्या फुलांचा रंग फिकट हिरवट, शेंगेच्या दोन्ही कडांना पंखांसारख्या पट्ट्या, आणि बी समुद्रावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागणारी. लोक तिघींनाही कुयलीच म्हणून मोकळे होतात.

नावांची ही गुंतवळ सोडवण्याचा एक मोठा उद्योग आपल्याच किनाऱ्यावर झाला होता. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध करवला. 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्याच्या मदतीला इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य. या तिघांचे 1675 सालचे प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. चित्रांवर नावे रोमन, मलयाळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. युरोपात छापलेल्या अगदी आरंभीच्या नागरी अक्षरांत ही अक्षरे मोडतात, आणि ती एखाद्या स्तोत्राची नसून झाडपाल्याची आहेत याचा मला, मराठीचा मास्तर असूनही, फार आनंद होतो. आठव्या खंडात आपली कुयली 'नायकोरना' या मलयाळी नावाने आली आहे. 'नाय' म्हणजे कुत्रा. माकडाची खाज मलबारात कुत्र्याच्या वाट्याला गेली!

पुढे स्वीडनच्या लिनिअसने साऱ्या सृष्टीला दोन-दोन शब्दांची नावे द्यायला घेतली. त्याने हिला 'डोलिकॉस प्रुरिएन्स' म्हटले. 'प्रुरिएन्स' म्हणजे खाजवणारी. अमरसिंहाची कंडुराच ती. त्या 'डोलिकॉस' घराण्यात त्याने आपला पावटा आणि कुळीथही कोंबले होते. पुढच्यांनी ते एकत्र कुटुंब मोडले. 1825 साली जिनीव्हाच्या द कांदोलने कुयलीला 'मुकुना' प्रजातीत नेले, आणि 'मुकुना प्रुरिएन्स' हे नाव आजही चालते. पावटा 'लॅबलॅब' झाला. कुळथाची वाटणी तर 1970 साली झाली. आमच्या पिठीचा कुळीथ आता 'मॅक्रोटायलोमा' या दात पाडणाऱ्या नावाने ओळखला जातो. आणि 'मुकुना' हा शब्द कुठला? ब्राझीलच्या आदिवासींचा! कोकणातल्या गडग्यावरची वेल, आडनाव ब्राझीलचे, विशेषण लॅटिन आणि बारसे स्वित्झर्लंडात. इंग्रज मात्र तिला 'काउहेज' म्हणत. ते हिंदीतल्या 'केवांच'चे बिघडलेले रूप. गाईचा त्यात काही संबंध नाही.

हे बारसे अजून संपलेले नाही. 2012 साली सह्याद्रीतल्या एका निराळ्या कुयलीला 'मुकुना संजप्पी' हे नाव मिळाले. ते ठेवणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव होते. आपल्या जिल्ह्यापुरते पाहायचे तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1988 साली बा. गो. कुलकर्णी यांचा सिंधुदुर्गाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. ज्यांना आवड असेल त्यांनी तो जरूर उघडावा.

खाजेचे कारण आता ठाऊक झाले आहे. शेंगेवरचा प्रत्येक केस ही एक सूक्ष्म सुई आहे. तिच्यात मुकुनेन नावाचे, प्रथिने फोडणारे द्रव्य असते. केस कातडीत रुतला की आगडोंब उसळतो. अशा वेळी चोळणे, खाजवणे म्हणजे सुया आणखी खोल रुतवणे. गावाकडे शेण फासतात. माझा तर्क असा की शेण वाळून निघताना केसही ओढून नेत असावे. डोळ्यात केस गेले तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरच गाठावा. याच केसांचा मधात किंवा काकवीत लेह करून युरोपातले डॉक्टर एके काळी जंतांवर देत असत. रोगी बिचारे कसे सोसत असतील कोण जाणे!

पण कुयलीचे खरे मोठेपण केसांत नाही, बीत आहे. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून 'एल-डोपा' हे द्रव्य वेगळे काढले. त्याचा उपयोग काय हे कळायला पुढे वीस-तीस वर्षे लागली. कंपवातात मेंदूतले डोपामिन कमी पडते. डोपामिन तोंडाने घेऊन मेंदूत पोचत नाही. एल-डोपा मात्र पोचते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी एल-डोपाच्या मोठ्या मात्रा देऊन जखडलेली माणसे चालती केली. आजही कंपवाताचे ते मुख्य औषध आहे.

आमच्या घरात हा सारा विषय पुस्तकातून उठून माजघरात आला तो आमच्या आप्पांमुळे. आप्पा माझे चुलते. हात थरथरू लागले, पावले अडखळू लागली, चहाची बशी ओठापर्यंत जाईना. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि बऱ्यापैकी गुणही होता. एका माघात मी गेलो तर माझा चुलतभाऊ पडवीत बसून, हाताला फडकी गुंडाळून, कुयलीच्या शेंगा सोलतो आहे! कोणीतरी सांगितले होते की कंपवातावर कुयलीची बी रामबाण. रोज चमचाभर चूर्ण दुधातून द्यायचे. सुरू करून आठवडा झाला होता.

"मग आप्पांना कसे वाटते?" मी विचारले.

"हात हलायचे थांबले," तो म्हणाला, "पण मान आणि खांदे आपोआप वळवळतात. मळमळते. परवा रात्री भिंतीवर माणसे बसली आहेत म्हणाले."

मी आप्पांच्या जवळ जाऊन बसलो. गोळीत जे आहे तेच या बीत आहे, एकाच वेळी दोन्ही घेणे म्हणजे दुप्पट मात्रा घेणे, हे त्यांना समजावले. आप्पा उखडले. "माका कित्याक भियवतंस? गडग्यावरची बी ती. तिच्यात कसला इख?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की बी नक्की कुठल्या झाडाची? कुयली म्हणून लोक काय वाटेल ते आणतात. मी पान, वाळलेली शेंग आणि बिया वर्तमानपत्रात दाबून आणल्या होत्या. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना त्या आदल्या संध्याकाळीच दाखवल्या होत्या. शेंगेवर उभ्या शिरा आहेत, कडांना पंख नाहीत, बिया पाच. तेव्हा ही मुकुना प्रुरिएन्सच, असा त्यांनी निर्वाळा दिला होता. डॉक्टरांनी ते नाव केसपेपरावर लिहून घेतले आणि चूर्ण बंद केले.

डॉक्टर काही आयुर्वेदाची थट्टा करणारे नव्हते. 1995 साली साठ रोग्यांना कुयलीच्या बियांचे औषध देऊन पाहिल्याचे त्यांनीच सांगितले. 2004 साली लंडनला आठ जणांवर झालेल्या प्रयोगात गुण लौकर दिसला होता हेही सांगितले. "पण तिथे प्रत्येक पुडीत किती डोपा आहे हे मोजलेले होते," ते म्हणाले. "तुमच्या गडग्यावरच्या बीत शंभर भागांत चार आहे की सहा, हे मला कोण सांगणार? गोळी मोजता येते, चमचा मोजता येत नाही."

चार-सहा दिवसांत आप्पांची वळवळ थांबली. भिंतीवरची माणसेही निघून गेली. आप्पांनी केसपेपर मागून घेतला, चष्मा लावून ते नाव दोन-तीनदा अडखळत वाचले आणि मला म्हणाले, "ह्या नाव कोणी ठेवल्यान?"

मी लिनिअस, द कांदोल, ब्राझील सगळे सांगितले. आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "आणि आमच्याकडचा तां नाव?"

मी सांगितले, आत्मगुप्ता. स्वतःला स्वतः राखणारी. आप्पांनी मान हलवली आणि आत हाक मारून चुलतभावाला सांगितले की उरलेल्या बिया फेकू नकोस, पावसाच्या तोंडावर वरकस जमिनीत पेर. हिच्या मुळांच्या गाठी जमिनीला खत देतात, त्यांच्या वडिलांनी तसे केले होते.