चपळ गाडीचे हिवाळी जोडे

फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही जर्मनीच्या रस्त्यांवर नेहमी दिसणारी चपळ गाडी. ठेंगणी, पुढची चाके ओढणारी, मोकळ्या ऑटोबानवर ताशी 250 किलोमीटरपर्यंत जाणारी. 2025 साली ती थोड्या संख्येने भारतातही विक्रीला आली. तिच्या पायात बहुधा 225/40 आर 18 मापाचे रुंद उन्हाळी टायर असतात. जूनमध्ये ते डांबराला घट्ट धरून ठेवतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी म्युनिकच्या बाहेर, दंव गोठलेल्या उतारावर, तीच गाडी ब्रेक दाबल्यावरही संथपणे पुढे सरकत राहते. इंजिन तेच असते आणि ब्रेकही तेच असतात, पण रबराचे वागणे बदललेले असते.

टायरचे रबर रस्त्याला धरते ते मऊपणामुळे. डांबराचा पृष्ठभाग दिसायला सपाट असला तरी त्यात बारीक खडीचे असंख्य उंचवटे असतात, आणि रबर दबून त्या खळग्यांत शिरते तेव्हा पकड तयार होते. प्रत्येक रबराला थंडीची एक मर्यादा असते. तिच्या जवळ जाऊ लागले की ते कडक होत जाते आणि खळग्यांत शिरणे थांबते. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर आणि जोरदार वळणांवर टिकावे म्हणून बनवलेले असते, त्यामुळे ते साध्या टायरपेक्षाही लवकर ताठरते. काही कंपन्या तर कडाक्याच्या थंडीत अशा टायरवर गाडी हलवूच नका असे बजावतात, कारण गोठलेल्या रबराच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि थंडीत लवचीक राहणारी रबरे यांचा मेळ घातलेला असतो. सात अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळी टायर हवेत, असा एक ठोकताळा युरोपात सांगितला जातो. तो ठोकताळाच आहे. कोरड्या रस्त्यावर सहा अंशांना काही एकदम बिघडत नाही. पण सकाळी शून्याखाली आणि दुपारी आठ अंश असा दिवस सुरू झाला, की बदलण्याची वेळ आली असे खुशाल समजावे.

रबराइतकीच महत्त्वाची असते नक्षी. हिवाळी टायर हातात घेऊन त्याच्या एका ठोकळ्यावर अंगठ्याने दाब दिला तर ठोकळा एकसंध नाही हे लगेच कळते. त्यात सुरीने चिरल्यासारख्या नागमोडी फटी असतात आणि दाबाखाली त्या किंचित उघडतात. एका टायरवर अशा शेकडो फटी असतात. चाक फिरताना प्रत्येक फटीची कड बर्फावर खरवडल्यासारखी रुतते. रुंद खाचांचे काम वेगळे असते. त्यांत बर्फ दाबून भरला जातो आणि टायरमधला तो बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, जसा ओंजळीत दाबलेल्या गोळ्याचा बर्फ एकमेकांना धरतो. म्हणून खाचांत बर्फ भरलेला दिसला की टायर निकामी झाला असे समजण्याचे कारण नाही.

अशा टायरचा जन्म फिनलंडमधला. नोकियाच्या कारखान्याने 1934 मध्ये मालवाहू गाड्यांसाठी हिवाळी टायर बनवला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. हे नाव आजही चालू आहे.

चपळ गाडीच्या मालकाची खरी कसोटी लागते ती माप निवडताना, कारण येथे नजर एक सांगते आणि रस्ता दुसरे. मोठी चाके आणि पातळ टायर गाडीला शोभतात. बर्फात मात्र जरा अरुंद आणि जाड बाजूचा टायर उजवा ठरतो. गाडीचे वजन कमी रुंदीवर आले की टायर भुसभुशीत बर्फ आणि पाणथळ राडा कापून खालच्या कठीण थराला लवकर भिडतो, तर रुंद टायर वरच तरंगू पाहतो. पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग अचानक हलके झाल्याचा अनुभव महाराष्ट्रात अनेकांना असतो. वितळत्या बर्फाच्या राड्यात तेच होते, आणि राडा पाण्यापेक्षा दाट असल्याने कमी वेगातच होते.

मापाचा हिशेब सोपा आहे. 225/40 आर 18 यातील 225 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 40 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 40 टक्के, अर्थात 90 मिलिमीटर, आणि 18 हा रिमचा इंचांतला व्यास. दोन्ही बाजू आणि रिम मिळून चाकाचा व्यास सुमारे 637 मिलिमीटर होतो. आता 225/45 आर 17 पाहू. येथे बाजू 101 मिलिमीटर आणि एकूण व्यास सुमारे 634 मिलिमीटर. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यामुळे स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरचे गणित बिघडत नाही. बर्फाखाली लपलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली, तर रिम वाचवायला एक सेंटिमीटरहून अधिक जास्तीचे रबर मात्र मिळते. 19 इंची रिमवरच्या 235/35 टायरची बाजू फक्त 82 मिलिमीटर भरते. हिवाळ्यात तो हट्ट धरू नये. एक इंच खाली उतरणे हाच बहुतेक चपळ गाड्यांसाठी शहाणा पर्याय, आणि त्यात टायरही स्वस्त पडतो.

किती खाली उतरायचे ते ब्रेक ठरवतात. वेगवान गाडीच्या पुढच्या डिस्क मोठ्या असतात आणि त्यांना कवेत घेणारे कॅलिपर लहान रिमच्या आतल्या बाजूला घासतात. साध्या गोल्फला 16 इंची रिम चालते, पण नव्या जीटीआयला निदान 17 इंची लागते. रिमचे आणखी तीन आकडे जुळावे लागतात. पहिला बोल्टच्या भोकांचा. गोल्फला 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. दुसरा मधल्या छिद्राचा, तो 57.1 मिलिमीटर. बाजारातील रिमचे छिद्र बहुधा मोठे असते आणि मोकळी जागा भरायला प्लास्टिकचे किंवा अॅल्युमिनियमचे कडे बसवतात. ते कडे विसरले तर रिम हबवर नीट मध्यात बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. तिसरा आकडा ‘ईटी’, म्हणजे बोल्ट बसतात ती पातळी रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते. तो चुकला की चाक आत सस्पेन्शनला किंवा बाहेर मडगार्डला घासते. जर्मनीत नोंदणीच्या कागदावर टायरचे एकच माप छापलेले असते. मान्य असलेली बाकीची मापे गाडीबरोबर मिळणाऱ्या अनुरूपतेच्या प्रमाणपत्रात असतात. खरेदीआधी ते उघडून पाहिले की चुकीची खरेदी आणि तपासणीतली अडचण दोन्ही टळतात.

आल्प्समध्ये स्कीइंगला जाणाऱ्याने बर्फात चाकांना बांधायच्या चेनचाही विचार आधीच करावा. ठेंगण्या गाडीच्या चाकाभोवती जागा कमी असते, म्हणून पुस्तिकेत चेनसाठी ठरावीक, बहुधा अरुंद मापच दिलेले असते. चेन लावल्यावर जर्मनीत ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे.

दुकानात टायर पाहताना पहिली नजर त्याच्या कडेवरच्या एका चित्रावर टाकावी. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल. हे चिन्ह ठरवून दिलेल्या बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळते. ‘एम+एस’ ही अक्षरे चिखल आणि बर्फ यांचा उल्लेख करतात, पण त्यामागे तशी सक्तीची चाचणी नसते. जर्मनीत डिसेंबर 2010 पासून रस्त्यावर बर्फ, राडा किंवा गोठलेले दंव असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे आहेत. त्यासाठी तारखा ठरलेल्या नाहीत, रस्त्याची स्थिती पाहिली जाते. 1 ऑक्टोबर 2024 पासून फक्त डोंगर-हिमफुलाचे चिन्ह असलेले टायरच त्यासाठी ग्राह्य धरतात. नियम मोडणाऱ्याला निदान 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडगुण अशी शिक्षा आहे. शेजारच्या ऑस्ट्रियात असाच नियम 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळाला बांधलेला आहे. पुण्याहून स्टुटगार्टला किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्याच शरद ऋतूत ‘ओ ते ओ’ हा मंत्र पडतो. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, एवढे दिवस हिवाळी टायर ठेवावेत, असा त्याचा अर्थ.

मापाच्या पुढे ‘91 एच’ किंवा ‘94 व्ही’ असे काही लिहिलेले असते. आकडा भार सांगतो. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, 94 म्हणजे 670 किलो. अक्षर वेगाचे असते. एच ताशी 210, व्ही 240 आणि डब्ल्यू 270 किलोमीटर. भाराचा आकडा गाडीला लागतो त्याहून कमी कधीही घेऊ नये. वेगाच्या अक्षराबाबत हिवाळी टायरला सवलत आहे. 250 ने धावणाऱ्या जीटीआयला एच टायर लावता येतो, पण मग ताशी 210 ची मर्यादा चालकाच्या नजरेसमोर चिकटपट्टीवर किंवा पडद्यावर दिसली पाहिजे. तरीही व्ही घेणे बरे. जास्त वेगासाठी बांधलेल्या टायरची बाजू साधारणपणे अधिक टणक असते आणि कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंगला नेमका प्रतिसाद देते, ज्यासाठी ही गाडी घेतलेली असते.

हिवाळी टायरमध्येही दोन घराणी आहेत. मध्य युरोपातील टायर ओल्या आणि कोरड्या रस्त्यावरच्या वेगाला जपून बनवलेले असतात. मिशेलिनचा पायलट अल्पिन किंवा कॉन्टिनेंटलच्या विंटरकॉन्टॅक्टचा ‘पी’ प्रकार चपळ गाड्यांसाठीच आहेत. फिनलंड-स्वीडनचे टायर त्याहून मऊ असतात. महिनोन्महिने बर्फ आणि गोठलेले रस्ते असलेल्या भागात त्यांना तोड नाही, पण ओल्या ऑटोबानवर ते लिबलिबीत वाटतात आणि ब्रेकला कमी पडतात. लोखंडी खिळ्यांचे टायर जर्मनीत 1970 च्या दशकापासून बंद आहेत. ज्याच्या वाटेवर वर्षातून दोनदाच बर्फ पडतो, त्याने बारमाही टायर घेतले तरी चालते, मात्र चपळ गाडीच्या मालकाला ते उन्हाळ्यात ढिले वाटतील. स्टुटगार्ट-म्युनिकच्या पट्ट्यात पहिल्या घराण्याचा टायर हेच योग्य उत्तर.

आणि टायर चार घ्यावेत. ‘पुढची चाके ओढतात, मग पुढचे दोन पुरेत’ हा विचार धोक्याचा आहे. गाडी सुटताना तो खरा वाटतो. उतारावरच्या वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे येते, पुढची चाके धरतात, मागची हलकी झालेली उन्हाळी चाके सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी फरक पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांना असतात. एबीएस आणि ईएसपी या गाडी सावरणाऱ्या यंत्रणा उपलब्ध पकड वाटून देतात, वाढवत नाहीत.

हिवाळ्यासाठी वेगळ्या रिम घेतल्या की दरवर्षी टायर उचकटून बसवावे लागत नाहीत. चाक बदलण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे, पण त्यातल्या बारकाव्यांवर जीव अवलंबून असतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेली आणि समोरच्या चाकाला उटी लावलेली हवी. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल करतात, मग जॅक. चाक निघाले की हबवर तांबूस गंजाचा थर दिसतो. तो तारेच्या ब्रशने खरवडून काढावा. तसाच राहिला तर रिम पूर्ण टेकत नाही, आणि काही दिवसांनी गंज दबून बोल्ट सैल पडतात. नंतर बोल्ट हातात घेऊन त्याच्या डोक्याखालचे बूड पाहावे. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचे बूड चेंडूसारखे गोल असते, तर बाजारातील अनेक रिमना शंकूसारखे निमुळते बूड लागते. गोल बोल्ट शंकूच्या खोबणीत गेला तर बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेषेवर. असा बोल्ट धावत्या गाडीत सैल होतो.

टायरच्या कडेवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेला हवा. काही टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते, ती बाहेरच यावी. बोल्ट आधी हाताने फिरवावेत, मग एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने आवळावेत, आणि गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने शेवटचा कस द्यावा. गोल्फला तो साधारण 120 न्यूटन-मीटर, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पान्यावर उभे राहून आवळू नये, त्याने बोल्ट ताणतो. सुमारे 50 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा कस तपासावा.

हवा थंड टायरमध्येच पाहावी. तापमान दहा अंशांनी उतरले की दाब सुमारे 0.1 बार, म्हणजे दीड पीएसआयने घटतो. 20 अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे 10 अंशांच्या रात्री चार पीएसआयहून अधिक कमी भरते. गोल्फमध्ये हवेचा इशारा चाकाच्या फेऱ्यांच्या हिशेबावर चालतो, म्हणून चाके बदलल्यावर पडद्यावर नवी नोंद करून द्यावी लागते. ज्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात सेन्सर असतो, त्यांच्या हिवाळी रिमलाही सेन्सर लागतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे, कारण नव्या रबरावर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो.

नवी नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. जर्मन कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरते, ऑस्ट्रियाला हिवाळी टायरवर चार लागतात, आणि बर्फाचा विचार करता चार हाच आकडा धरावा. मोजायला दोन युरोचे नाणे खाचेत उभे करतात. त्याची बाहेरची रुपेरी कड चार मिलिमीटरची असते. ती बाहेर दिसू लागली की टायर बर्फासाठी संपला. वय कळते ते ‘डीओटी’नंतरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून. 4123 म्हणजे 2023 चा 41 वा आठवडा.

ईस्टरनंतर चाके उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहितात, पुढचा डावा, मागचा उजवा अशी. जीटीआयसारख्या गाडीत पुढचे लवकर झिजतात, म्हणून पुढच्या मोसमात पुढच्या-मागच्यांची अदलाबदल करता येते. मीठ धुऊन, थोडी जास्त हवा भरून, रिमसह चाके अंधाऱ्या कोरड्या तळघरात एकावर एक रचून ठेवतात. रिम नसलेले टायर मात्र उभे ठेवायचे आणि मधूनमधून थोडे फिरवायचे.