अकरा वेशींचं मिनिकॉय

पाच चौरस किलोमीटरही नसलेल्या बेटावर गावं असून असून किती असतील? लक्षद्वीपच्या पार दक्षिणेला असलेल्या मिनिकॉयवर ती ११ आहेत, आणि तीही एकमेकांना खेटून! परक्याला वेस दिसायची नाही. तिथल्या पोरासोरांनाही ती पाठ. गावाला तिथे ‘अवाह’ म्हणतात. प्रत्येक गावाचा एक ‘बोडुकाका’ (‘बोडु’ म्हणजे मोठा, ‘काका’ तर आपल्या कानाला घरचाच वाटावा) आणि बायकांची प्रमुख वेगळी. तिचा मान मोठा, कारण पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजांवर खलाशी. ते महिनोन्महिने दर्यावर, गाव बायकांच्या हाती. १९५६ साली लक्षद्वीप केंद्रशासित झालं, पुढे पंचायतही आली. पण शर्यतीची लांबलचक होडी, ‘जहाधोनी’, बांधायची, रंगवायची आणि वल्हवायची ती ज्याच्या त्याच्या गावानेच.