विश्रांती, हालचाल आणि व्यायाम : तीन वेगळी खाती

आम्ही आरोग्यावर बोलायला कुठेही गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "रोज चालतो, तेवढं पुरेसं आहे ना?" दुसरं कुणी विचारतं, "सकाळी तासभर जिमला जातो, मग दिवसभर बसलं तर काय बिघडलं?" आणि कुठल्यातरी घरात आजारातून उठलेल्या आजींना सगळे प्रेमाने सांगत असतात, "तू काही करू नकोस, पडून राहा."

या तिन्ही ठिकाणी एकच गफलत आहे. विश्रांती, हलकी हालचाल आणि दमवणारा व्यायाम ही तीन वेगळी खाती आहेत. एका खात्यात कितीही भरलं तरी दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही.

आधी हालचाल घेऊ. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबल डेकर बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. ते काही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांचं अंग हलतं राहत होतं, इतकंच. आपली शतपावली याच खात्यातली. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम वर जात नाही. मात्र सकाळी तासभर घाम गाळून पुढचे दहा तास खुर्चीत काढले, तर हे खातं रिकामंच राहतं.

दुसरं खातं दमवणाऱ्या व्यायामाचं. वय वाढतं तसे स्नायू झिजत जातात आणि रमतगमत चालण्याने ही झीज थांबत नाही. त्यासाठी जोर, बैठका, वजन उचलणं असं काहीतरी हवं. गुडघे कुरकुरत असतील तर हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी माप दिलं आहे : आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. हे 'शिवाय' आपण नेमकं विसरतो.

मध्यम कुठे संपतं आणि जोरकस कुठे सुरू होतं? चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तोवर मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की जोरकस. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही अशीच खूण आहे : तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली, तिथे थांबावं.

आता विश्रांती. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्यांची दुरुस्ती विश्रांतीत, झोपेत होते. म्हणून त्याच स्नायूंना जोराचा व्यायाम लागोपाठ दोन दिवस देऊ नये, आणि झोप सात तासांच्या खाली नेऊ नये. पण विश्रांतीचाही अतिरेक होतो. 1966 मध्ये अमेरिकेत डलास इथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमाची ताकद जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती! विशीतल्या मुलांचं हे झालं, तर सत्तरीतल्या आजींचं काय होईल? डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्यांना आधार देऊन खोलीतल्या खोलीत चालवा. नाहीतर आपलं प्रेमच त्यांना अंथरुणाला खिळवेल.

उलट टोकही आपल्या ओळखीचं आहे. सहा दिवस खुर्चीत बसलेला पन्नाशीतला माणूस पहिल्या पावसात मुलांच्या बरोबरीने सिंहगड चढायला निघतो. सवय नसलेल्या शरीराला अचानक जोराचे श्रम पडले की हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्या वेळेपुरता वाढतो. छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखू लागला, थंड घाम फुटला, तर "थोडं राहिलंय" म्हणायचं नाही. तिथेच थांबायचं आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवायची. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर मागच्या सात दिवसांचा हिशेब मांडा. तीनपैकी कुठलं खातं रिकामं आहे ते पाहा आणि उद्यापासून तिथेच थोडं थोडं भरायला लागा. जे खातं भरलेलं आहे, त्यात भर घालायचा मोह तेवढा आवरा.