मोटारसायकलचा पोचा : घरी किती काढावा, कोठे थांबावे?

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत दुचाकी घसरणे ही काही बातमी राहिलेली नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर, जोगेश्वरीला एस. व्ही. रोडवर, घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या एल. बी. एस. मार्गावर हे रोज घडते. तयार कपड्यांचे गठ्ठे किंवा लेथवरचे नग घेऊन निघालेला आपला माणूस आपटतो, कपडे झटकून उठतो आणि मग गाडीकडे पाहतो. टाकीला पोचा, साईड पॅनेलला तडा, मडगार्ड खरचटलेले. जीव वाचला म्हणून अल्लाहचे आभार मानून झाले की खर्चाचा विचार येतो. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तर माल पोहोचवायचा कोणी?

हे काम घरी करता येते काय, असे अनेक जण विचारतात. बरेचसे येते, सगळे नाही.

आधी गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक फिरवून पाहावे. रिम डुगडुगत असेल, हँडल सरळ धरूनही चाक एका बाजूला राहत असेल, पुढच्या फोर्कमधून तेल गळत असेल, तर हे बॉडीचे काम नव्हे. गाडी सरळ मिस्त्रीकडे न्यावी. वाकलेले हँडल ठोकून सरळ करण्याचा मोह टाळावा. ते दिसायला सरळ होते, पण आतून कमजोर राहते. तसेच अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळविणे चालकावर बंधनकारक आहे. तेथे गुपचूप पोचा काढून मोकळे होता येत नाही.

विम्याचाही हिशेब करावा. आपल्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यातून भरून मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षे दावा नसल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. किरकोळ पोच्यासाठी दावा केल्यास ही सूट जाते. म्हणून लहान नुकसानीत स्वतः हात लावणे अनेकदा फायद्याचे ठरते.

पत्रा की प्लॅस्टिक?

बजाज चेतक १९७२ मध्ये आली तेव्हापासून आपल्या डेंटरांचे हात पत्र्यावर घडले. आता पॅनेल बहुतेक प्लॅस्टिकचे असतात, टाकी मात्र अजून पत्र्याची असते. शंका असल्यास लोहचुंबक लावून पाहावा.

प्लॅस्टिकच्या पॅनेलच्या मागे बहुधा 'एबीएस' किंवा 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. त्याच जातीच्या भंगार पॅनेलचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये टाकून दाट लेप करावा आणि तो तड्यावर आतल्या बाजूने भरावा. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. एक पूर्ण दिवस सुकू द्यावे. पीपीवर अ‍ॅसिटोनचा काही उपयोग नाही. त्याला उष्णतेने जोड द्यावा लागतो. अक्षरे पुसली गेली असतील तर लहान तुकडा पाण्यात टाकावा. पीपी तरंगते, एबीएस बुडते. पॅनेलचा चुराडाच झाला असेल तर कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारात चौकशी करावी, पण बिलाशिवाय माल घेऊ नये. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर घेणाराही अडकतो.

टाकीच्या कामात मात्र सावधगिरी हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोलीत जमिनीलगत पसरते आणि स्टोव्हपर्यंत किंवा उदबत्तीपर्यंत जाऊन पोहोचते. पेट्रोल उघड्यावरच काढावे. टाकीवर वेल्डिंग, गॅस किंवा ठिणग्या उडविणारा ग्राइंडर घरी कधीही चालवू नये.

पोचा उथळ असेल तर त्या जागेचा रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत घासावा. मग पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर मिसळावा, १०० ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त हार्डनर घालणारे बरेच आहेत. पुढे वरच्या रंगात त्याचा डाग उमटतो. थर पातळ द्यावेत. अर्ध्या तासाने १२०, मग २२० आणि ३२० नंबरने कोरडेच घासावे. पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी आत राहून पुढे रंगाला फुगे आणते. पाण्याचा पेपर प्रायमरनंतर. सपाटी पाहण्यासाठी डोळे मिटून तळवा फिरवावा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. आपल्या फर्निचरवाल्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको.

घरचे काम येथे थांबते

बाजारातला डब्याचा साधा स्प्रे साईड पॅनेलला ठीक आहे. टाकीवर तो टिकत नाही, कारण पेट्रोल सांडले की तो रंग मऊ पडून निघतो. तेथे हार्डनर मिसळलेला पीयू रंग आणि क्लिअर कोट लागतो, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारा श्वासातून फुप्फुसात जाऊन दमा जडतो. एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे थोडीशी वाफही दम कोंडायला पुरते, आणि मग कारागिराला हा धंदाच सोडावा लागतो. दहा बाय बाराच्या बंद गाळ्यात तोंडाला रुमाल बांधून गन चालविणारी मुले आपण पाहतो. रुमाल वाफ अडवत नाही, धुळीचा कागदी मास्कही नाही. मोठ्या गॅरेजांत बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मास्क वापरतात. तो नसेल तर निदान वाफेसाठीचा कार्बन फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा ही गाळेमालकाची जबाबदारी आहे. आज खर्च वाचविणारा मालक उद्या आपला हुन्नरी हात गमावतो.

म्हणून घरी पुट्टी आणि प्रायमरपर्यंत काम करावे, आणि शेवटचा रंग पेंटरकडून मारून घ्यावा. त्याचा अधिक वेळ घासण्यातच जातो. ते आपण केले तर मजुरी बोलण्याला जागा राहते. पावसाच्या दिवशी घाई करू नये. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते.

रंग मूळचाच ठेवावा. बदलल्यास नोंदणी पुस्तिकेत तशी नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते. गाडी पुढे विकताना पुट्टीची जागा गिऱ्हाइकाला दाखवावी. ऐब लपवून माल विकण्याबाबत आपल्या दीनचा हुकूम प्रत्येकाला ठाऊक आहे.

टाकी बसविताना रबरी बुश जागेवर आहेत काय ते पाहावे, जुनी नळी कडक झाली असल्यास बदलावी, थोडे पेट्रोल घालून खाली कोरा कागद पसरावा आणि गाडी रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावी. सकाळी कागदावर डाग नसेल तर टाकी भरण्यास हरकत नाही.