श्वसनाला सुट्टी नाही

दहावीच्या विज्ञानात जीवनप्रक्रियांचे धडे असतात. मुले ग्लुकोजच्या विघटनाचे टप्पे पाठ करतात, एटीपीची व्याख्या बिनचूक लिहितात आणि गुणही मिळवतात. पण ‘झाडे रात्री काय करतात?’ किंवा ‘श्वसन नेमके कुठे होते?’ असे विचारले की घरोघरी ऐकलेलीच उत्तरे पुढे येतात. या उत्तरांमागे बहुतेक वेळा एकच चूक असते. श्वसन म्हणजे नाकातोंडाने हवा आत-बाहेर करणे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात श्वसन म्हणजे जिवंत पेशीने अन्नातून ऊर्जा सोडवून घेणे. एवढे पक्के झाले की पुढचे गैरसमज टिकत नाहीत.

गैरसमज १ : झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन.

वस्तुस्थिती : झाडाची प्रत्येक जिवंत पेशी चोवीस तास श्वसन करते, मग ती पानातली असो, खोडातली असो की मुळातली. प्रकाशसंश्लेषणाला मात्र प्रकाश आणि हरितद्रव्य दोन्ही लागतात. भर उन्हात त्याचा वेग श्वसनाच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो आणि शिल्लक ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणून दिवसा झाड फक्त ऑक्सिजन सोडताना दिसते. श्वसन आत चालूच असते. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्येच दाखवून दिले होते, की पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि अंधार केला की ते थांबतात.

गैरसमज २ : पिंपळ आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन देतात.

वस्तुस्थिती : अंधारात कोणतीही वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाही. हा ऑक्सिजन येतो पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन, आणि त्यासाठी प्रकाशाची ऊर्जा लागते. तो कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून येतो, याचा पुरावा रूबेन आणि केमेन यांच्या गटाने १९४१ मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून दिला. निवडुंग, कोरफड यांसारख्या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडतात, हे खरे. पण तेव्हा त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात. त्यातून साखर करण्यासाठी त्यांनाही सकाळच्या उजेडाची वाट पाहावी लागते.

गैरसमज ३ : रात्री झाडाखाली झोपले किंवा खोलीत कुंडी ठेवली तर जीव गुदमरतो.

वस्तुस्थिती : स्वस्थ पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. कुंडीतल्या रोपाचे उत्सर्जन त्यापुढे नगण्य आहे आणि मोठ्या झाडाखालची हवा तर सतत हलती असते. खोलीत कुंडी चालत नसेल, तर दुसरा माणूस मुळीच चालणार नाही. झाडाखाली झोपताना विंचूकाट्याची काळजी जरूर घ्यावी. झाडाच्या श्वसनाची नको.

गैरसमज ४ : माती आणि खत हे झाडाचे अन्न.

वस्तुस्थिती : यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट यांनी २०० पौंड कोरडी माती भरलेल्या कुंडीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांवर गेले. माती मात्र अवघी दोन औंस कमी भरली. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाचे वजन पाण्यातून आले, असे त्यांना वाटले. हवेचा वाटा पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधला. लाकडातला कार्बन हवेतून येतो. खतातले नत्र प्रथिनांसाठी आणि मॅग्नेशियम हरितद्रव्यासाठी लागते. ही क्षारद्रव्ये अत्यावश्यक आहेत, पण झाडाला ऊर्जा देणारे अन्न म्हणजे त्याने स्वतः तयार केलेली साखर.

गैरसमज ५ : मुळांना फक्त पाणी लागते, जितके जास्त तितके बरे.

वस्तुस्थिती : मुळे जमिनीखाली असली तरी त्यांच्या पेशींना श्वसनासाठी ऑक्सिजन हवा असतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाणी साचले की या पोकळ्या भरून जातात, मुळांचे श्वसन मंदावते आणि मुळे कुजू लागतात. कुंडीत पाणी असूनही रोप कोमेजते, ते यामुळे. आपला शेतकरी पेरणीसाठी वाफसा येण्याची वाट बघतो, ती मातीत ओल आणि हवा दोन्ही असावीत म्हणून. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला गेलात तर तिवराच्या भोवती चिखलातून सरळ वर आलेली शेकडो मुळे दिसतील. खारट चिखलात हवा नसते, म्हणून ही श्वसनमुळे डोके बाहेर काढून वरची हवा आत घेतात.

गैरसमज ६ : प्राण्यांत श्वसन फुप्फुसांत होते, आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

वस्तुस्थिती : फुप्फुसांत फक्त वायूंची देवाणघेवाण होते. ऊर्जा मिळते ती पेशीत, आणि तिचा मोठा भाग तंतुकणिकांमध्ये. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर उच्छ्वासाच्या हवेतही सुमारे १६ टक्के उरतो. तोंडाने कृत्रिम श्वास देऊन माणूस वाचवता येतो तो या उरलेल्या ऑक्सिजनमुळेच. झुरळाचे रक्त तर ऑक्सिजन वाहून नेतच नाही; शरीराच्या बाजूंवरील छिद्रांतून आणि बारीक श्वासनलिकांतून हवा थेट पेशींपर्यंत जाते.

गैरसमज ७ : मासे पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन वापरतात.

वस्तुस्थिती : कल्ले पाण्याचा रेणू तोडू शकत नाहीत. ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन शोषतात. २५ अंश सेल्सिअसला एक लीटर गोड्या पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी होतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात, ते याच कमतरतेमुळे.

यातले सर्वांत महत्त्वाचे तथ्य घरच्या घरी तपासता येते. मोड येऊ लागलेल्या मटकीच्या पुरचुंडीच्या मध्यभागी बोट घालून पाहा; ऊब लागते. ही श्वसनातून सुटलेली उष्णता. तीच मटकी रुंद तोंडाच्या बाटलीत घाला, आत चुन्याच्या निवळीची छोटी उघडी कुपी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बाटलीत कोरडी मटकी घेऊन तसेच करा. काही तासांनी मोडांच्या बाटलीतली निवळी दुधाळ होईल, कोरड्या मटकीची जवळपास तशीच राहील. मटकीला नाक नाही, फुप्फुस नाही, तरी तिचे श्वसन जोरात चालू आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हातून हा प्रयोग एकदा जरूर करून घ्यावा.